दिंद्रुडचा रिटायर फौजदार

देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून यायचं, त्या सालांत दिंद्रुडलाही एकेक नवी चीज उतरू लागली. कुणाच्या पत्र्यावर टीव्हीची छत्री आली, कुणी एसटीडीची काचेची खोली उभी केली. किराणा दुकानदार अण्णारावच्या घरी कुत्रं आलं. पुण्याच्या मेव्हण्यानं, केदारनाथनं दिलेलं. सोनेरी केसांचं.

"जात कोणती?" बाजारानं विचारलं. माणसाला सोडत नाहीत, कुत्र्याला कोण सोडणार!

"गोल्डन रिट्रिवर," अण्णाराव छाती काढून म्हणाला.

पारावर पोचेपर्यंत त्याचं 'गोल्डन रिटायर' झालं. गोल्डन म्हणजे सोन्याचं मेडल आणि रिटायर म्हणजे पोलिसातून, अजून कशातून! कुत्रं जेमतेम वर्षाचं. एवढ्या कवळ्या वयात ते रिटायर कसं झालं, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. नाव पडलं, फौजदार.

अण्णारावला खरं सांगता आलं असतं. पण दुकानाच्या दारातल्या पोत्यातून जाता-येता मूठभर शेंगदाणे उचलणारे हात फौजदाराच्या धाकानं आपोआप खिशात गेले होते. मग कोण कशाला तोंड उघडतंय! माणूस वाईट नव्हता, पण इज्जत फुकट मिळाली की घेणारा होता.

सेवा मात्र अण्णारावच्या बायकोच्या, शिवकांतावहिनीच्या गळ्यात. लिंगायताचं घर, तेव्हा फौजदारही ज्वारीची भाकर-दूध खाई. उन्हाळ्यात त्याच्यासाठी ओलं गोणपाट, कानातले गोचीड काढायचे, रोज केस विंचरायचे. तरी साखरेत एखादा सोनेरी केस निघायचाच.

"रिटायर माणूस परवडला," वहिनी म्हणायच्या. "तो निदान सवताचे केस सवता विंचरतो."

आणि फौजदाराचा पराक्रम एकच. दिसेल ती चप्पल अल्लाद तोंडात धरायची आणि मालकाच्या पायाशी आणून ठेवायची. दातही लागू द्यायचा नाही. चोर आला असता तर त्याचीही चप्पल यानं इमानदारीनं आणली असती.

मग एका श्रावण सोमवारी महादेवाच्या देवळातली मोठी समई गायब झाली. पुजारी बद्रीनाथही गावात नव्हता. सरपंच सुंदरराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "फौजदाराला आना!"

अख्खं गाव देवळापुढं. मीही होतो, तमाशा कुठं असला की मला राहवत नाही. अण्णाराव साखळी धरून घामानं भिजलेला. फौजदारानं समईची जागा हुंगली, शेपूट हलवली आणि दारातल्या चपलांच्या ढिगात घुसला. एक जाड, ठिगळाची वहाण उचलून त्यानं अण्णारावच्या पायाशी ठेवली.

ती मेंढपाळ मुंजाजीची होती.

"घावला!" सुंदररावांनी मुंजाजीची गचांडी धरली. "समई कुठं हाय बे?"

"मालक, देवाची आन, मी पाया पडाया आल्तो. वहानंला मेंढराचा वास हाय, त्या मुक्या जनावराला आवडला आसंल."

"पोलिसाचं कुत्रं हाय ते, चुकत न्हाई!" मागून कुणीतरी ओरडलं. दोघं पोरगे बाह्या सारून पुढं झाले.

मुंजाजीची बायको भामाबाई मध्ये घुसली. "समई चोरनारा ठिगळाची वहान घालून फिरंल व्हय रं? आकला हायत का न्हाई तुमाला?"

माझं डोकं फिरलं. "अण्णा! हाडं मोडल्यावर बोलनार का?"

अण्णारावनं पोरांच्या मुठीकडं बघितलं, मग कुत्र्याकडं. दुकानाचा सगळा दरारा त्या एका साखळीला बांधलेला होता. मुंजाजीच्या कानफटात बसणार तेवढ्यात अण्णाराव बोलला.

"थांबा. ते रिटायर न्हाई, रिट्रिवर हाय. पोलिसात कवाच नव्हतं. चपला उचलून आनतंय, बास."

"मुंजाजीला वाचवाया लबाड बोलतो का, अण्णा?" सुंदरराव गुरकावले.

अण्णारावनं साखळीच सोडली. "आन रं!"

फौजदार परत ढिगात गेला आणि एक पांढराशुभ्र बूट घेऊन आला. औरंगाबादहून आणलेला, गावात तसा एकच. सुंदररावांचा.

सगळ्या माना सुंदररावांच्या अनवाणी पायांकडं वळल्या. मग भामाबाई म्हणाली, "आता धरा की गचांडी."

सुंदररावांचा हात मुंजाजीच्या सदऱ्यावरून सुटला. दुपारच्या एसटीनं पुजारी बद्रीनाथ धारूरहून उतरला, काखेत समई. "मान हालत व्हती हिची, कासाराकडून डाग देऊन आनली. कावून जमलात समदे?"

मुंजाजीची माफी कुणी मागितली नाही. आमच्या गावाला गुन्हेगार सापडतो, चूक सापडत नाही. पोत्यातले शेंगदाणे दुसऱ्याच दिवसापासून परत कमी व्हायला लागले.

पारावर निकाल लागला तो असा: कुत्रं पोलिसातलंच आहे. पण रिटायर झाल्यावर डोकं चालत नसतं, म्हणून चुकलं.