टाकी धुतली

नदीच्या या काठावरची माणसं त्या काठावर नेणाऱ्या बोटीचं इंजीन मामांनी सव्वीस वर्षं सांभाळलं. खरं तर ते एकाच मुलीचे मामा. पण ती भाची बोटीच्या कचेरीत इंजिनीअर म्हणून लागली, मामा मामा करत धक्क्यावर वावरू लागली आणि पाहता पाहता तिकीट फाडणाऱ्यापासून सुकाणू धरणाऱ्या सारंगापर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले. इंजीन कुरकुरलं तर मामांना घरी जेवताना कळतं, असं लोक म्हणत. तसं काही नव्हतं, पण मामांनी ते कधी खोडूनही काढलं नाही.

आदल्या वर्षी परदेशातून येणारं तेल कुठेतरी अडलं आणि बोट अकरा दिवस धक्क्याला बांधून राहिली. मधला पूल कधीच पडलेला. पलीकडची माणसं तीन तासांचा वळसा घालून कामावर येत आणि येता-जाता मामांनाच बोल लावत. त्यानंतर भाचीने योजना मांडली: गावातल्या खाणावळींचं तळून उरलेलं तेल गोळा करायचं, त्यापासून इंधन बनवायचं आणि बोट त्यावर चालवायची. दोन महिने चालवून बघा, मग बोटीचा कारभार बघणारी समिती काय ते ठरवेल.

मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बोट सुटली की तळणाच्या वासाने उतारू जेवायला मागतील, असं ते धक्क्यावर ज्याला त्याला सांगत सुटले. भाचीशी तर रोज वाद. ती म्हणे, तेलाची किल्ली भलत्याच्या हातात आहे आणि आपण नुसतं तोंड वासून बसतो. मामा म्हणत, डिझेलने सव्वीस वर्षं कधी दगा दिला नाही. अकरा दिवसांचं काय, असं तिने विचारलं की मामांना हटकून पाना शोधायला जावं लागे.

नवं इंधन भरण्याआधी टाकी रिकामी करून आतून खरवडायची, धुवायची आणि तसं लिहून सही करायची, असं तिने बजावलं. नवं इंधन जुना गाळ सोडवतं, तो गाळणीत अडकतो आणि इंजीन उपाशी पडतं. मामांना हे फार लागलं. माझ्या टाकीत गाळ? कालची पोर मला सांगणार? त्यांनी टाकी रिकामी केली, तिच्या तोंडातून बॅटरी मारून आत पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘टाकी धुतली.’ भाचीने तो कागद फाइलला लावला. मामांची सही होती, तपासायचं काय!

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, नदीच्या मधोमध इंजीन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बोटीत साठ माणसं. पाण्याला ओढ होती आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला पडक्या पुलाचे खांब. वरून सारंग ओरडला, “मामा, खांब येतोय!”

मामांनी गाळणी उघडली. आत काळाकुट्ट चिकट लगदा. हा लगदा कुठून आला ते त्यांना पाहताक्षणी कळलं. मग नवी गाळणी बसवली, नळीतली हवा काढायला हातपंप मारू लागले. तीस, चाळीस, पन्नास. वर एक बाई रडत होती, कोणीतरी लहान मुलांना उलट्या बाजूला न्या म्हणत होतं. पहिल्यांदा इंजीन लागलं नाही. दुसऱ्यांदा लागलं. खांब हातभर अंतरावरून गेला, असं सारंगाने नंतर सांगितलं. मामांनी तो पाहिला नाही. ते जुनी गाळणी फडक्यात गुंडाळत होते.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या काठाने निकाल देऊन टाकला: नव्या तेलाने घात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती बसली. एकजण म्हणाला, माणसांच्या जिवावर प्रयोग नकोत, डिझेल आणा आणि त्या इंजिनीअर बाईंना घरी पाठवा. दुसरा म्हणाला, आणि पुन्हा तेल अडलं तर? पहिल्याने टेबलावर हात आपटला. तिसऱ्याने बोट विजेवर चालवायचा विषय काढला, त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. भाची फाइल छातीशी धरून बसली होती. तिने रात्रभर हिशेब मांडले होते आणि चूक कुठे झाली ते तिला सापडत नव्हतं.

अध्यक्षांनी मामांना उभं केलं. “सव्वीस वर्षांचा अनुभव तुमचा. सांगा, इंधनात खोट आहे ना?”

नुसती मान हलवायची होती. दीड वर्षाने मामा निवृत्त होणार होते, मानाने. सगळी खोली त्यांच्याच बाजूची होती. मामांनी भाचीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे आशेने बघत होती, आणि तेच त्यांना सहन होईना.

त्यांनी पिशवीतून फडकं काढलं आणि गाळणी टेबलावर ठेवली. “हा गाळ डिझेलचा आहे. सव्वीस वर्षांचा. टाकी मी धुतली नव्हती. सही खोटी आहे.”

तिला वाचवल्याबद्दल भाची निदान एकदा मान वर करील, असं मामांना वाटलं होतं. ती फाइलमधल्या त्या कागदाकडेच बघत राहिली. मग हळू म्हणाली, “साठ माणसं होती, मामा.”

नवं इंधन राहिलं. मामांना इंजिनावरून काढून तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. फक्त जाण्यापूर्वी टाकी धुऊन द्यायची. दोन दिवस मामा टाकीच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घालून खरवडत होते. सात बादल्या गाळ निघाला. इतकी घाण उराशी धरून आपण मिरवत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची खाली आली. मामांनी हात पुसले, कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

“सही राहू द्या,” ती म्हणाली. तिने बाही वर केली. “आधी मी हात घालून बघते.”

मामांनी पेन बंद केलं आणि तिला जागा करून दिली.