जहाजात भरलेलं पाणी

दार वाजलं तेव्हा घरात नेहमीचीच सकाळ चालली होती. मुलगा दुसरा मोजा शोधत होता, सून गॅसपाशी दुधावर पहारा देत होती, आणि खिडकीशी मुलाची आई, म्हणजे सगळ्यांच्या मशीनआजी, शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची झिप बदलत होत्या.

“अहो, दार बघा जरा.”

“एका पायात मोजा घालून जाऊ?”

“दाराबाहेर कुणी पाय बघायला आलेलं नाहीये.”

बाहेर एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या, खांद्याला भली मोठी पिशवी, चष्मा कपाळावर चढवलेला. त्या नौदलाच्या संग्रहालयातून आल्या होत्या. “तुमची पत्रं वाचून वाचून माझी तर मती गुंग झाली,” त्या सुनेला म्हणाल्या. “बहिणीकडे चालले होते, म्हटलं वाट वाकडी करून समोरासमोरच विचारावं.”

सुनेने घाईघाईने खुर्चीवरच्या इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग उचलला. मशीनआजींनी मान वर केली नाही. पण पायाखालच्या पट्टीचा वेग वाढला, आणि सुनेला त्याचा अर्थ कळत होता.

या घरात कुणी थाप मारली की बाकीचे एका सुरात म्हणायचे, “भरलं पाणी जहाजात!” उशीर झाल्याचं कारण असो की फुटलेल्या बरणीचं, उत्तर ठरलेलं. ही म्हणण्याची पद्धत मशीनआजींच्या वडिलांवरून पडली होती. ते युद्धात एका तोफांच्या जहाजावर होते, निदान ते तसं सांगायचे. जहाज परातीसारखं बसकं आणि इतकं संथ, की खलाशी त्याला ‘म्हातारी’ म्हणत. समुद्रातून किनाऱ्यावर मारा करायचा, एवढंच त्याचं काम. एकदा शत्रू टेकडीमागे होता, गोळा तिथवर पोचेना. “मग आम्ही काय केलं? जहाजात एका बाजूला पाणी भरलं!” इथवर आले की ऐकणारे पोट धरून हसायचे. आपल्याच जहाजात आपणच पाणी! आजींच्या लग्नात व्याह्यांनीही हा किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावला होता. पुढे वडील गेले, त्यांचे कागद वाळवीने खाल्ले, आणि माणूस विसरला जाऊन विनोद तेवढा मागे राहिला.

आजी त्या विनोदाला कधी हसल्या नाहीत आणि कधी भांडल्याही नाहीत. फक्त मशीन जोरात चालायचं. लग्न होऊन आल्यावर वर्षभरात सुनेच्या हे ध्यानात आलं. मग एक दिवस उसवलेली शिवण दाखवता दाखवता आजींनीच विचारलं होतं, “तू शिकलेली आहेस. बाबा खरंच होते का गं त्या जहाजावर? एवढं मला बघून देशील?”

तेव्हापासून सून शोधतेच आहे. वाचनालयात बसून तिने मोठमोठ्या युद्धनौकांच्या खलाशांची नावं चाळली, पत्रं पाठवली, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. आजींच्या वडिलांचा, म्हणजे नवऱ्याच्या आजोबांचा, पत्ता नाही. नवरा म्हणायचा, “आजोबा बंदरातल्या भटारखान्यात बटाटे सोलत असतील गं. कशाला उकरतेस?” तो हे मशीनचा आवाज चालू असताना म्हणायचा, पण आजींचे कान तिखट होते.

“हं, आता सांगा,” पाहुण्या बाई म्हणाल्या. “ते घरी काय काय सांगायचे?”

सुनेने सगळं सांगितलं. कानात कोंबलेला कापूस, प्रचंड तोफ, टेकडी.

“आणखी?”

“एवढंच.”

एवढंच नव्हतं. पाण्याचा किस्सा तिने एकाही पत्रात घातला नव्हता. तो वाचून आजोबा थापाडे ठरले असते, आणि थापाड्याला शोधायला कोण वेळ घालवणार? घराची अब्रू राखावी म्हणून तिने तो गाळला होता.

मशीन थांबलं.

“पाण्याचं सांग की,” आजी म्हणाल्या.

“आई, कशाला...”

“मग मी सांगते. बाबा म्हणायचे, जहाजात एका बाजूला पाणी भरलं.”

मुलगा खुदकन हसला. पाहुण्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला.

“कुठल्या बाजूला?”

असा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. आजींनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, “किनाऱ्याच्या उलट बाजूला.”

“म्हणजे काय?” मुलगा मध्ये पडला. “अहो बाई, माझं टायरचं दुकान आहे, पंक्चर काढायला रोज टबात ट्यूब बुडवतो. भोक पडलं की पाणी आत, पाणी आत की वस्तू खाली. जहाजाची तऱ्हा काय वेगळी असणार?”

“मग टब आणा,” बाई म्हणाल्या.

टब आला. जहाज म्हणून आजींनी स्वतःचा बटणांचा पसरट डबा पुढे केला, आत पत्र्याचे खण असलेला. बटणं ओढणीत ओतली. सुनेने डब्यावर आडवी विणकामाची सुई चिकटवली, टोक आजींच्या दिशेने, म्हणजे किनाऱ्याकडे. ती तोफ. मुलाने बाह्या सरसावल्या, तांब्याने भसाभस पाणी ओतलं आणि डबा गुडगुड करत तळाला गेला.

“बघा! मी काय म्हणत होतो?”

“तू सगळ्याच खणांत ओतलंस,” आजी म्हणाल्या. “एका बाजूला म्हटलंय. आणि जरा दमानं. खलाशी होते ते, तुझ्यासारखे उतावळे नव्हते.”

या वेळी सुनेने डबा रिकामा करून चमचा घेतला. पलीकडच्या खणांत थोडं थोडं पाणी सोडत गेली. डबा त्या बाजूला कलला, अलीकडची कड वर आली, आणि सुईचं टोक टबाच्या काठावरून हळूहळू उचललं जाऊन नेमकं आजींच्या चष्म्याकडे रोखलं गेलं.

“तोफ जेवढी वर, तेवढा गोळा लांब,” बाई म्हणाल्या. “असं खरोखर करत असत. आणि तुम्ही मोठ्या युद्धनौका धुंडाळत बसलात! हे निव्वळ किनाऱ्यावर मारा करणारं जहाज. जहाज लहान आणि तोफ अगडबंब. अशा जहाजांची नोंद वेगळीकडे असते. पाण्याचं आधी कळवलं असतंत तर मी त्याच जहाजांत शोधलं असतं.”

सुनेने कपाळावर हात मारून घेतला.

बाईंनी तिथूनच संग्रहालयात फोन लावला, आजोबांचं नाव सांगितलं. चहा निवून गेला तरी कुणी कपाला हात लावला नाही. मुलगा दुकानाची किल्ली खिशात घालत होता आणि परत काढत होता. अखेर पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं, आणि बाई “पुन्हा सांग” म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला.

“आहेत. ‘म्हातारी’च म्हणायचे त्या जहाजाला. तुमचे वडील तोफेवर नव्हते हो, आजी. ते खाली पाण्याच्या झडपांवर होते. पाणी किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे ज्यांच्या हातात होतं, त्यांतले एक.”

आजींनी टबातला डबा उचलला. पाणी निथळू दिलं, पदराच्या टोकाने एकेक खण पुसला.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “सगळे त्यांना तोफेचं विचारायचे, आणि ते आपले पाण्याचं सांगायचे.”

मुलगा ओल्या बाह्यांनी उभा होता. मग वाकून त्याने टबाभोवती सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

“आजी, जहाजाचा फोटो पाठवते,” बाई म्हणाल्या. “संग्रहालयात या, सगळं दाखवते. अजून काय करू तुमच्यासाठी?”

“ते सगळं सुनेशी बोला, तिला हौस आहे.” आजींनी बटणं परत डब्यात भरायला घेतली, आणि मुलाकडे वळल्या. “मला तुझ्याकडून एकच हवंय. यापुढे घरात कुणी थाप मारली, तर तिला थाप म्हणा. माझ्या बाबांचं जहाज मध्ये आणू नका.”