जेवला म्हणजे भात खाल्ला

आमच्याकडे 'जेवलास का?' असं कुणी विचारलं, तर त्याचा अर्थ 'भात खाल्लास का?' एवढाच असतो. दोन पोळ्या, वाटीभर वरण, वांग्याची भाजी, वर लोणचं, एवढं सगळं पोटात गेलं आणि भात तेवढा राहिला, तर माझी आई बिनदिक्कत सांगते, "उपाशीच हाये पोरगा." मला यात काही चुकत असेल अशी शंकाही कधी आली नाही. घरची धानाची शेती, गावाभोवती जिकडे बघावं तिकडे धानाच्या बांध्या, आणि माझी नोकरी राईस मिलमध्ये. दाताखाली दाणा दाबून त्यात ओल किती ते सांगायचं, यावर मी पगार घेतो. अशा माणसाचा पोरगा भाताला तोंड लावेना, म्हणजे नाक कापल्यासारखंच झालं.

पोरगा चार वर्षांचा. त्याच्या वरची मुलगी सात वर्षांची. ती आपल्या ताटातलं सगळं खाते आणि दुसऱ्याच्या ताटात काय पडलं यावरही नजर ठेवते. धाकट्याचं तंत्र निराळं होतं. संध्याकाळी ताटं मांडल्याचा आवाज आला की हा पलंगाखाली. दुपारी आई त्याला अंगणात घेऊन बसायची. गोंदियाकडचं बिरसीचं विमानतळ जवळच असल्यामुळे शिकाऊ पायलटांची लहान विमानं आमच्या कौलांवरून घिरट्या घालत असतात. "ते पाय, इमान आलं! घे एक घास!" असं म्हणत ती चार घास भरवायची. विमान पुढे गेलं की तोंड बंद. पायलटांनी जरा जास्त सराव करावा, असं आमच्या घरात आईइतकं कुणालाच वाटत नसेल.

संध्याकाळची पाळी माझी. मी सुरुवात गोडीनं करायचो. मग चिखलात उभं राहून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, कसा करतात, एकेका दाण्यामागे किती कंबरा मोडतात, यावर माझं भाषण व्हायचं. चार वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळणार? तो घास गालात धरून अर्धा अर्धा तास बसायचा. मग माझे डोळे मोठे व्हायचे, मग आवाज. एकदा मी त्याचा फुगलेला गाल बोटानं दाबला. त्यानं सगळं बाहेर काढलं आणि भेदरून माझ्याकडे बघत राहिला. बायकोनं ताट उचललं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

त्यानंतर केशोरीला एका लग्नात कुणीतरी सहज म्हणून गेलं, "पोरगा वाळून राहिला ना जी." झालं! आईनं घरी येताच मीठ-मोहरी ओवाळून नजर काढली. माझा राग कुठच्या कुठे गेला आणि त्याच्या जागी भीती आली. याला आतून काही आजार तर नसेल? मी झोपलेल्या पोराच्या बरगड्या मोजायला लागलो. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे त्याला घेऊन गोंदियाला डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरबाई नवीन होत्या, खानदेशातल्या. त्यांनी विचारलं, "काय काय खातो?"

"काहीच नाही," आम्ही तिघं मोठी माणसं एका सुरात म्हणालो.

"पंधरा दिस झाले, डाक्टरीन बाई," आई म्हणाली, "पोरगा जेवला नाही."

बाई दचकल्या. पंधरा दिवसांचा उपाशी पोरगा त्या वेळी वजनकाट्यावरून उड्या मारत होता. त्यांनी त्याला तपासलं, वजन बघितलं. थोडं कमी आहे, पण घाबरण्यासारखं नाही, म्हणाल्या. "औषधाचं नंतर बघू. आधी सात दिवस याच्या तोंडात जे जाईल ते लिहून आणा. सगळं म्हणजे सगळं."

आता लिहिणार कोण? मी मिलमध्ये, बायको कापणीच्या दिवसांत शेतावर, आईला लिहिता येत नाही. काम मुलीकडे गेलं. दिवसभर भावामागे फिरणारी तीच होती. तिनं जुन्या वहीची कोरी पानं काढली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "नुसतं चाटलं तर लिहायचं का?" पुढचे सात दिवस आमच्या घरात सरकारी तपासणी चालू होती. आई वैतागून म्हणायची, "काऊन वं, पोराच्या तोंडातच बसतं का तू आता?"

आठव्या दिवशी दवाखान्यात मी वही मोठ्यानं वाचायला लागलो. सकाळी दूध आणि दोन बिस्किटं. मग शेजारच्या काकूंकडे गूळ-पोळी. मग खिशातून मुरमुरे. उकडलेले सिंगाडे, सात. धिरडं एक, दुसरं अर्धं, उरलेलं मी खाल्लं. काकूंकडे पुन्हा गेला, अंडं. शेंगदाणे, मोजले नाहीत, पळून गेला. हे एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी सिंगाडे नऊ.

बाई हसू आवरत होत्या. मीही हसायला लागलो. मुरमुरे आणि धिरडं तांदळाचीच असतात, हे तांदळावर पोट भरणाऱ्या माझ्या टाळक्यात इतके दिवस शिरलं नव्हतं. आई मात्र ढिम्म. "पन हे त नुसतं तोंड चालवनं झालं. यात भात कुठं खाल्ला त्यानं?"

"आजी, आमच्याकडे ताप आला की भात देतात," बाई म्हणाल्या.

आईनं त्यांच्याकडे फार कळवळून पाहिलं. "माय वो! मंग तुमी लोक जेवता काय?"

त्या हशातच मी पुढचं वाचलं. संध्याकाळच्या नोंदी मुलीनं वेगळ्या पानावर केल्या होत्या. 'भात चार घास. बाबांनी डोळे मोठे केले. मग नाही.' खाली दुसऱ्या दिवसाचं, 'बाबा घरी होते. पाणी पिला.' त्याखाली, 'बाबांना मिलमध्ये उशीर झाला. दीड पोळी, भाजी, वरणभात. अजून मागितला.' माझा आवाज खाली आला. त्यात तक्रार कुठेच नव्हती. सगळं लिहा म्हटलं होतं, तिनं सगळं लिहिलं होतं.

बाईंनी वही मिटली. "पोरासाठी औषध लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "लिहायचंच झालं तर तुमच्यासाठी लिहावं लागेल."

परतताना मी माझ्या वडिलांचा विचार करत होतो. ते जेवायला बसले की घरात आवाज नसायचा. ताटात भाताचा ढीग वाढला जायचा आणि आम्ही भावंडं त्यांच्या नजरेखाली तो संपवायचो. मी त्याला चांगली सवय समजत आलो. पण मला भूक किती होती, हे त्या वयात मला कधी कुणी विचारलं नाही, आणि मीही माझ्या पोराला विचारलं नव्हतं. मला त्याचं पोट भरायचं होतं, हे खरं. पण माझं ऐकलं गेलं पाहिजे, हेही तितकंच खरं होतं.

माझा स्वभाव काही एका दिवसात बदलला नाही. मी जीभ चावून बसायचो आणि स्वतःच्या ताटाकडेच बघायचो. पोरगा आजीच्या पाठीमागे बसायचा, ताटापेक्षा माझ्यावरच लक्ष ठेवून. भात कधी खायचा, कधी नाही. आईचं "उपाशीच हाये" चालूच होतं, पण आता तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नव्हतं.

मग एका संध्याकाळी, मिलमध्ये हंगामाची धावपळ असताना, माझ्या पोटात जळजळत होतं. मी एक पोळी कशीबशी खाल्ली आणि उठायला लागलो.

"बाबा जेवला नाही!" आजीच्या पाठीमागून आवाज आला. "भात नाही खाल्ला!"

तो आपलं ताट घेऊन आला आणि माझ्या मांडीला टेकून बसला. जेवताना माझ्या इतक्या जवळ तो कित्येक महिन्यांत बसला नव्हता. त्यानं वरणभात कालवला, त्यातला बराचसा जमिनीवर सांडला, आणि उरलेल्याचा एक घास करून वर धरला. "आ कर." मी तोंड उघडलं. घास मोठा होता, मला गिळायला वेळ लागला. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"हळू हळू खा," तो म्हणाला. "मी नाही डोळे मोठे करत."