मी नसताना पडणारं व्होल्टेज

व्होल्टेज स्थिर ठेवणं हा माझा धंदा आहे. इंगोलश्टाटमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं तेच करते. गाडीतल्या कंट्रोल युनिट्सना मिळणारी वीज थंडीत, उन्हात, खड्ड्यांत कुठेही हलता कामा नये, आणि हललीच तर का हलली ते शोधायचं. नवीन आलेल्यांना मी एक गोष्ट हमखास ऐकवते: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा. हे सांगताना माझा आवाज चढतो, असं माझा टीमलीडर म्हणतो. चढतोच. मूर्खपणा मला सहन होत नाही.

घरचा कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला. एकेक भाग निवडून, दोन शनिवार खर्चून. त्याचा प्रोसेसर मी, तो बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या वेगापेक्षा बराच जास्त पळवते. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की त्याला व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं, कमी पडलं तर तो गोंधळतो आणि सगळं बंद पडतं. जास्त दिलं तर तापतो. या दोन्हींच्या मधली बारीकशी जागा शोधण्यात मला जी मजा येते, ती बाकीच्यांना बहुधा स्वयंपाकात येत असावी. अर्थातच त्या यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नसे. एकदा नवऱ्याने धूळ पुसायला म्हणून त्याची बाजूची काच उघडली होती, तेव्हा मी त्याच्याशी दीड दिवस बोलले नव्हते.

नवरा स्ट्रक्चरल इंजिनियर. पुण्यात पुलांची कामं करायचा. माझ्या नोकरीसाठी ती सोडून माझ्यामागे इथे आला आणि तीन वर्षं घरी बसला. बसला म्हणजे जर्मन शिकला, डिग्रीची मान्यता मिळवली, सत्तरेक अर्ज केले आणि तेवढेच नकार वाचले. सांगलीहून त्याच्या आत्याबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न त्याच्या नोकरीचा. तो हसून उत्तर द्यायचा, पण फोन ठेवला की उगाचच भांडी घासायला घ्यायचा. स्वच्छ घासलेलीच भांडी.

आणि त्या जानेवारीत एका पुलांच्या ऑफिसने त्याला बोलावलं. मुलाखत चांगली झाली. मग त्यांनी एक प्रोबेआउफगाबे दिली, म्हणजे नोकरीआधी करून दाखवायचं काम. पायी चालणाऱ्यांचा एक पूल, त्यावरून माणसं चालली की तो किती हलेल याचं गणित, रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं. त्याच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपेना. मी मोठ्या मनाने माझा कॉम्प्युटर दिला. साडेतीन तासांत गणित होईल, असं छातीठोकपणे सांगितलं.

गुरुवारी मी ऑफिसातून आले तर तो म्हणाला, थोडंसं बंद पडलं. थोडंसं म्हणजे काय, असं मी विचारलं. म्हणजे निळा पडदा आला आणि सगळं गेलं, तासाभराचं गणित गेलं. मी लगेच बसले. नोंदी काढल्या. पन्नास मिनिटं प्रोसेसरचं व्होल्टेज सरळ रेषेत होतं, मग थरथरायला लागलं, मग घसरलं. मला मनातून आनंदच झाला, कारण हे तर माझं माहेर. व्होल्टेज थोडं वाढवलं, दीड तास प्रोसेसरला कसून ताण दिला, सुतासारखं सरळ चाललं. त्याला म्हटलं, जा, झालं.

शुक्रवारी दुपारी परत पडलं. या वेळी पंचेचाळीस मिनिटांत. मी चार वाजता घरी पोचले, पुन्हा ताण देऊन पाहिला, पुन्हा सगळं उत्तम. भार आल्यावर व्होल्टेज किती खाली जाऊ द्यायचं याची एक सेटिंग असते, ती बदलली. लगोलग आणखी दोन बदलल्या. लिहून काहीच ठेवलं नाही. ऑफिसातल्या एखाद्या पोराने हे केलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

शनिवारी सकाळपासून मी मल्टीमीटर घेऊन खाली मांडी घालून बसले. आतल्या मुख्य बोर्डवर थेट टोचून व्होल्टेज मोजलं. प्रोसेसरचं तापमान पाहिलं, ठीक होतं. दुपारी दोनपर्यंत एक गणित अख्खं पार पडलं, पण त्यात त्याची एक आकडेमोड चुकलेली निघाली, म्हणून ते पुन्हा लावणं भाग होतं. मी भाजी आणायला बाहेर पडले. तासाभराने परत आले तर तो पडद्यासमोर बसलेला. पडदा निळा.

आता माझी खात्री झाली की दोष यंत्रात नाही, त्याच्यात आहे. मी असताना चालतं, मी नसताना पडतं, मग दुसरा अर्थ काय? तू काहीतरी दाबतोस, असं मी त्याला म्हणाले. बरंच काही म्हणाले. पूल मोजणाऱ्या माणसाला एक बटण सांभाळता येत नाही इथपर्यंत गेले. तो म्हणाला, असेल. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. तिथला आवाज एकदम थांबल्याचं मला कळलं, पण मी लक्ष दिलं नाही.

सासूबाई तीन महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या. स्वभावाने मऊ, माझ्याशी तर फारच जपून वागायच्या. त्यांची इथली एकच तक्रार होती, दही लागत नाही. हीटरवर ठेवलं, ओव्हनमध्ये ठेवलं, गोधडीत गुंडाळलं, सकाळी आपलं दूधच. दुकानातल्या दह्याला त्या दही मानत नसत. पण गेल्या काही दिवसांपासून असं काही घट्ट, कवडीदार दही पानात यायला लागलं होतं की मी दोनदा वाटी मागून घेतली. कसं जमलं, हे मात्र विचारलं नाही. मी कामात होते.

रविवारी सकाळी अकराला त्याने गणित लावलं आणि मला नम्रपणे सांगितलं की तू जरा फिरून ये, तू मागे उभी राहिलीस की मला सुचत नाही. माझा पापड मोडला. तरी निघाले. दुकानं बंद, रस्ते रिकामे, डॅन्यूबवरून बोचरा वारा. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मफलर घेतलेलाच नाही, म्हणून चरफडत मागे फिरले.

दार उघडून आत आले तर मफलर दिसला. माझ्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर होता. त्याच्या आत गुंडाळलेला स्टीलचा डबा होता, आणि डब्यात विरजण लावलेलं दूध. गरम हवा बाहेर जाण्याची वरची जाळी मफलरने अशी झाकली होती की एक फट नाही.

सासूबाई लगबगीने पुढे आल्या आणि त्यांनी डबा उचलून छातीशी धरला. त्याच क्षणी पडदा निळा झाला. बारा वाजायला पाच मिनिटं होती.

मी जाळीवर हात ठेवला आणि चटकन काढला. सगळं एका क्षणात कळलं. प्रोसेसरला वीज पुरवणारे छोटे भाग बोर्डाच्या वरच्या कडेला असतात, अगदी त्या जाळीखाली. मी प्रोसेसरचं तापमान पाहत राहिले, यांचं पाहिलंच नाही. वरून डबा बसला की हे भाग तापत जायचे, तासाभरात हात टेकायचे, व्होल्टेज घसरायचं. मी दर वेळी वाढवलेल्या व्होल्टेजने ते आणखी लवकर तापायचे. आणि मी घरी आले की डबा उचलला जायचा, त्यामुळे माझ्यासमोर सगळं आलबेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"तो गरम वारा फुकटच जात होता," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. "तुला आवडत नाही म्हणून तू यायच्या आत उचलून ठेवत होते. आज त्याने पाठवायच्या आधी हातावर दही-साखर द्यायची होती."

मी नवऱ्याकडे वळले. त्याला डबा माहीत होता. रोज त्याच्या नाकासमोर होता. तुला कळलं कसं नाही, असं मी ओरडणारच होते, पण तोच बोलला. दीड किलोचा भार, तो म्हणाला, स्ट्रक्चरच्या दृष्टीने नगण्य. मला हसू फुटलं. मग तो गंभीर झाला.

"काल शंका आली मला. पण सांगितलं असतं तर तू आईवर चिडली असतीस. आणि तुझ्या कॉम्प्युटरला नावं ठेवण्यापेक्षा, खरं सांगू, नोकरी गेलेली परवडली असती."

हे त्याने भांडायच्या सुरात म्हटलं नाही. हवामान सांगावं तसं म्हटलं. मला इतकी लाज वाटली की मी तशीच कोट घालून जमिनीवर बसले. तीन वर्षं हा माणूस एका पुलाची वाट बघतोय, आणि तो पूल हातचा गेला तरी चालेल पण माझा पारा चढायला नको, असं त्याला वाटलं होतं. डबा नुसतं निमित्त. कारखान्यातून आला त्या वेगावर प्रोसेसर असता, तर अशा डब्यासकटही तो बहुतेक कुरकुरत का होईना चालला असता. त्याला दम घ्यायला जी जागा ठेवलेली असते ती मीच खाऊन टाकली होती. घरातल्या माणसांचीही.

मी उठले आणि सगळ्या सेटिंग्ज पुसून टाकल्या. सगळ्या, एकदम. कारखान्याचा वेग. आता साडेचार तास लागतील, असा हिशेब निघाला. सव्वाबाराला त्याने गणित लावलं. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंच्या शेजारी लसूण सोलत बसले. गरजेपेक्षा चौपट सोलला. दर दहा मिनिटांनी उठावंसं वाटायचं आणि दर वेळी मी पुढची कुडी हातात घ्यायची. सासूबाईंनी मध्येच विचारलं, की ते व्होल्टेज म्हणजे आपल्याकडे फ्रिजला लावतात तेच का. मी समजावून सांगितलं. आवाज न चढवता समजावून सांगायला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पावणेपाचला आतून तो म्हणाला, झालं. पुढच्या तासात त्याने अहवाल पूर्ण केला. दही अर्थातच लागलं नव्हतं. सासूबाईंनी फ्रिजमधून दुकानातला डबा काढला, त्यात साखर घातली आणि म्हणाल्या, जर्मन नोकरीला जर्मन दही चालेल. सहाला दहा कमी असताना त्याने पाठवलं.

गुरुवारी दुपारी फोन आला. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. तो उभा राहून जर्मनमध्ये ‘या, या, गेनाऊ’, म्हणजे हो, हो, बरोबर, एवढंच म्हणत होता, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत होते. फोन ठेवून तो वळला आणि त्याने आईला नमस्कार केला, तेव्हा मला कळलं. मी रडले. सासूबाई रडल्या नाहीत, त्यांनी आधी सांगलीला आत्याबाईंना फोन लावला.

मग थोड्या वेळाने, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, मी उत्साहाच्या भरात म्हणाले की आता याचं काम झालंय, तर वेग परत वाढवून बघते, या वेळी नीट जमवते. म्हणता म्हणता खुर्चीवर बसलेसुद्धा.

"ऊठ तिथून," सासूबाई म्हणाल्या. "बरं चाललंय ना? मग चालू दे. तुला कुणी बोलत नाही म्हणून तू ऐकत नाहीस."

नवरा श्वास रोखून माझ्याकडे बघत होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्या मला कधी या आवाजात बोलल्या नव्हत्या. मी उठले आणि म्हणाले, "हो आई." आणि मला इतकं बरं वाटलं, की त्यांनी अजून दोन गोष्टी सुनवाव्यात म्हणून मी तिथेच उभी राहिले.