पुनमच्या कानाची गाठ

कंधार डेपोतल्या पुनम कंडक्टरला नांदेड रस्त्यावरचं गाव न गाव ओळखतं. दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ती एका हाकेत आत घेते, म्हाताऱ्यांना हात धरून चढवते. पण मधली दोन-तीन वर्षं ऐन मे महिन्यातसुद्धा तिच्या डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला असायचा.

कारण होतं उजवा कान. जत्रेत हौसेनं तिनं कानाच्या वरच्या कडेला भोक पाडून घेतलं. जखम भरली, पण तिथं एक दाणा उठला. दाण्याचा चिंचोका झाला, चिंचोक्याची सुपारीएवढी गाठ. खाज तर अशी सुटायची की तिकीट फाडता फाडता हात थांबायचा. नांदेडला एकदा गाठ कापून घेतली. पुनमनं डेपोत पेढे वाटले. वर्ष सरायच्या आत गाठ परत आली, आधीपेक्षा मोठी. मग इंजेक्शनं झाली, गावातल्यांनी सांगितलेले लेपही झाले. गाठ काही हटेना.

शेवटी कुणीतरी लातूरच्या डॉक्टर सौदामिनींचं नाव सुचवलं. नवरा वैजनाथ हरभऱ्याच्या राशीत अडकलेला, म्हणून सासू साखराबाई सोबत निघाल्या.

डॉक्टरांनी कान उलटून पाहिला. "याला केलॉइड म्हणतात. जखम भरली तरी कातडी वाढायचं थांबतच नाही. नुसतं कापलं तर पुन्हा येण्याची भीती जास्त. म्हणून कापायचं, आणि एका दिवसाच्या आत त्या जागेवर किरणांचा शेक सुरू करायचा. थोडेच शेक लागतील."

'शेक' म्हणताच साखराबाईंचा चेहरा उतरला. पुनमनं घाबरत विचारलं, "म्हंजी मला कॅन्सर हाय का, मॅडम?"

"नाही गं. ही कॅन्सरची गाठ नाही. मशीन तेच वापरतात, पण डोस अगदी कमी, तोही कातडीपुरता. दिवस गेलेले नाहीत ना, ते आधी तपासू. धोका फार थोडा आहे, पण मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. विचार करून सांगा."

बाहेर येऊन साखराबाई बाकावर बसल्या. पुनमचे सासरे घशाच्या कॅन्सरनं गेले होते. तेव्हा असेच शेक चालू होते आणि साखराबाई रोज दाराशी बसून असायच्या. शेक म्हणजे माणूस जाणार, एवढंच त्यांच्या मनात बसलं होतं.

"आत्याबाई, तुमी न्हाई म्हणलाव तर न्हाई करत मी," पुनम म्हणाली.

साखराबाईंनी तिचा स्कार्फ बाजूला सारून कान नीट पाहिला. मग म्हणाल्या, "त्यांला काय झालतं अन् तुला काय झालंय, दोन्ही येगळं हाय. मॅडमनी नीट सांगितलं की. करून घे माय."

दुसऱ्या आठवड्यात सकाळी गाठ काढली आणि दुपारीच पुनमला शेकाच्या विभागात नेलं. दारावर कॅन्सर हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला. साखराबाईंचे पाय तिथंच थबकले. "तू जा. मी हितंच थांबते," म्हणाल्या. पुनमनं आग्रह केला नाही. ती आत जाऊन बाकावर बसली आणि मान वळवून बघते, तर सासू पदर सावरत मागून आलेलीच.

शेजारी उदगीरकडचे गुरुपादप्पा बसले होते. गालाला पट्टी, बोलणं जड. "तुला कुठं हाय, माय?" त्यांनी विचारलं.

पुनमला संकोच वाटला. एवढ्या आजारी माणसाला काय सांगायचं? "मला त्यो आजार न्हाई, काका. कानाची गाठ हाय. परत येऊ न्हाई म्हणून शेक."

गुरुपादप्पांनी हात जोडले. "लई बेस झालं बघ. हितं बसून असं काही ऐकाया मिळत न्हाई." साखराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग पिशवीतलं पाणी काढून त्यांच्या पुढं केलं.

आत पुनमला टेबलावर झोपवलं. कानाभोवती शिशाचा पत्रा ठेवला, हलू नकोस म्हणाले आणि सगळे बाहेर गेले. मशीन गुणगुणलं. ना चटका, ना कळ. आता दुखेल, मग दुखेल, अशी वाट बघत तिनं मुठी आवळल्या, तोवर दार उघडलंसुद्धा.

"झालं?" साखराबाई उठून उभ्या राहिल्या.

"झालं. काईच कळलं न्हाई."

साखराबाईंनी तिची हनुवटी धरून कान, गाल, मान सगळं तपासलं आणि तिथंच सगळ्यांसमोर रडायला लागल्या. "रडू नका ओ, मी धडधाकट हाय," पुनम म्हणत होती, आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली होती.

उरलेले शेकही तसेच पार पडले. त्या जागेची कातडी थोडी काळवंडली, मग हळूहळू निवळली. पहिला उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पुनम रोज आरशासमोर बोटानं कान चाचपायची. स्कार्फ कधी सुटला, तिचं तिलाही आठवत नाही.

परवा दोघी तपासणीला लातूरला गेल्या. डॉक्टरांनी कान दाबून पाहिला. "छान सपाट आहे. अजून काही वर्षं लक्ष ठेवू, पण आता घाबरायचं कारण नाही."

पुनम उठली, पण साखराबाई खुर्ची सोडेनात. लुगडं घोट्याच्या वर सरकवत म्हणाल्या, "मॅडम, आता आलोच हाव, तर माझा ह्यो गुडघा बी बघा की."