सुमन बाईंची मोडकी वडारी

सुमन बाईंइतकी वाईट वडारी अख्ख्या जुन्नर तालुक्यात कुणी बोलत नसेल.

आज सकाळी बाई गेल्या. झोपेतच.

आणि मी मधूनच हसतेय. माफ करा.

आळेफाट्याजवळ खडी क्रशरवर माझे आई-वडील कामाला. आम्ही वडार. घरची भाषा वडारी, तेलुगूच्या जवळची. पहिलीत गेले तेव्हा मला मराठी येतच नव्हतं.

शाळेचा नियम: वर्गात फक्त मराठी.

मी सरळ तोंडच बंद केलं.

हेडसर म्हणाले, "मुलीला काही समजत नाही. अजून वर्षभर अंगणवाडीत बसू दे."

सुमन बाई माझ्या वर्गशिक्षिका. माहेर आणे गावचं, आवाज खणखणीत. शाळा सुटली की स्कूटी थेट क्रशरवर. आईसमोर बसून विचारायच्या, "ह्याला काय म्हणता तुमी?"

कुत्रा म्हणजे कुक्का. मांजर म्हणजे पिल्ली.

एक दिवस वर्गात मला म्हणाल्या, "रा, रा!"

म्हणजे ये, ये.

शाळेत पहिल्यांदाच मला काहीतरी कळलं. मी पळतच गेले.

हेडसर चिडले. "बाई, नियम आहे!"

"मग बदलू की, सर. पालकांच्या मीटिंगला विषय घ्या."

मीटिंगला आई आली. चारचौघांत मराठी बोलायला लाजली, म्हणून वडारीत बोलली. बाई उभ्या राहिल्या ट्रान्सलेट करायला.

"ह्या म्हणतात, पोरगी घरी दिवसभर खाते."

आई ओरडलीच, "खात न्हाई ओ बाई, बोलती!"

सगळे हसले. बाई सगळ्यांत जास्त.

आईची लाज तिथंच पळाली. मग मराठीतच हेडसरांना म्हणाली, "घरी तोंड मिटत न्हाई तिचं. हितं मुकी व्हती. तुमी बोलूच देत न्हाई, सर."

हेडसरांनी मीटिंगची वही पुढं ओढली.

मग म्हणाले, "ठीक आहे. पहिली-दुसरीला घरची भाषा चालेल."

त्या वर्षी बागायतदारांची पोरंसुद्धा कुक्का-पिल्ली करत गावभर फिरली. आणि दिवाळीपर्यंत मी मराठीत इतकी सुटले, की बाईच म्हणायच्या, "आता जरा श्वास घे गं!"

आज मी आंबेगावात पहिलीला शिकवते. मुलाच्या घरच्या भाषेतून सुरुवात करा, हे आता धोरणातच आलंय. ट्रेनिंगमध्ये ते ऐकलं आणि शेजारच्या मॅडमला कोपरानं ढोसलं, "आमच्या बाईंनी कधीच केलंय हे!"

मघाशी आईला फोन केला. बाई गेल्याचं सांगितलं.

ती वडारीत म्हणाली, "आपल्या घरातलं माणूस गेलं."

बाई, मनापासून नमस्कार. शांतपणे जा.