मोटारीला लावलेलं मुशीचं तेल

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण ते कसं जमलं, हे मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी एका मुंबईच्या शेटांची विलायती मोटार गलबतातून रेवदंड्याला आली. त्यांचा नागावात बंगला होता. गलबत काठाला लागेना. वडिलांनी दोन मचवे एकमेकांना बांधले, वर फळ्या टाकल्या आणि भरतीच्या पाण्यावर मोटार अलगद वाळूला आणली. एक ओरखडा नाही. शेट दुसऱ्या दिवशी यायचे होते. मुंबईच्या एका वसतिगृहाच्या मंडळावर ते होते. त्यांच्या चिठ्ठीशिवाय मला तिथे जागा नव्हती, आणि जागेशिवाय कॉलेज नव्हतं.

मोटारीला दिवसभर खारा वारा लागत होता. वडिलांना ते बघवेना. होडीचं लाकूड टिकावं म्हणून आम्ही कोळी तिला मुशी माशाचं तेल चोपडतो. तेच त्यांनी मोटारीला लावलं: दिव्यांना, लाकडी पट्ट्यांना, आतल्या चामड्याच्या गाद्यांनाही. मी बघत होतो. मलाही काही वावगं वाटलं नाही. त्या वासातच आम्ही वाढलो.

शेटांनी दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला.

“ही मोटार आहे की मासळीबाजार?”

“शेट, आता भोंगा नको,” ड्रायव्हर हसला. “वासानंच लोक वाट सोडतील.”

“गंजू नये म्हनून लावलं, शेट,” वडील म्हणाले. “होरीला लावतो तेच हाय.”

“होडी? अरे, ही काय चीज आहे ते तरी ठाऊक आहे का तुला?” मग शेट माझ्याकडे वळले. “तू शिकलेला ना रे? तुला कळू नये?”

मला फक्त चिठ्ठी दिसत होती. मी म्हणालो, “माफ करा, शेट. वडील अडाणी आहेत.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, फडकं कमरेला खोचलं आणि ते निघून गेले. चिठ्ठी मला त्याच दिवशी मिळाली.

पुढे कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात त्याच मॉडेलच्या मोटारीचा इतिहास सापडला. कारखाना फक्त इंजिन आणि खालचा सांगाडा बनवी. वरचा भाग बग्ग्या बांधणारे जुने कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे हाताने करीत. चकचकीत पत्र्याच्या आत लाकडाच्या फासळ्या. ते मॉडेल थोडेथोडे बदल करत कितीतरी वर्षं चाललं. मग नवं निघालं आणि हे बंद झालं.

सुट्टीत घरी आलो तेव्हा वडील होडीला तेल लावत होते. मी हे सगळं त्यांना सांगितलं.

“म्हंजे आत होरीच की,” ते म्हणाले. फडकं तेलात बुडवत म्हणाले, “गाद्यांचं चुकलं. लाकडाचं न्हाय.” मग, “हे तवा सांगाया पायजे व्हतं.”

“तेव्हा मला ठाऊक नव्हतं, बा.”

हे खरं होतं. पण ते अडाणी नाहीत, हे ठाऊक होतं.

मी दुसरं फडकं उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“ऱ्हाऊ दे. बोर्डिंगात वास घेऊन जाशील.”